जास्वंदीला निशातगंजचं पंचांग

जानेवारीच्या उत्तरार्धात लखनौमधल्या निशातगंजच्या गल्ल्यांतून चालताना कचऱ्याच्या ढिगावर एखादी उपटलेली जास्वंद हटकून दिसते. मातीच्या गोळ्यासकट फेकलेली, पानं झडून नुसत्या काटक्या उरलेली. ‘गुडहल जाडे में सूख गया,’ असं माळी सांगतो आणि घरातले मान डोलावतात. मी मात्र वाकून फांदीची साल नखाने खरवडते. बहुतेक वेळा खाली ओली, पोपटी रेघ दिसते. म्हणजे झाड जिवंत असतं, फक्त झोपलेलं असतं. अशी उचलून आणलेली दोन झाडं आज माझ्या गच्चीवर आहेत आणि भाद्रपदात गणपतीला त्यांचीच फुलं जातात.

नोकरीनिमित्त पुण्याहून, रत्नागिरीहून, नागपूरहून लखनौला येणाऱ्या मराठी घरांत तुळशीच्या पाठोपाठ जास्वंद येते. पहिल्या वर्षी बहुतेकांची जास्वंद दगावते, आणि त्याचं कारण निष्काळजीपणा नसतो. आपण तिला माहेरच्या पंचांगाने वाढवायला जातो. कोकणात अंगणाच्या कडेला खोचलेली फांदी आपोआप कुंपण होते, तिच्याकडे कोणी बघतही नाही. इथे तिला बघावं लागतं. कधी काय करायचं आणि मुख्य म्हणजे कधी काय करायचं नाही, हे एकदा कळलं की लखनौची जास्वंद कोकणातल्या जास्वंदीहून काडीमात्र कमी फुलत नाही.

हे झाड मुळात उष्ण, दमट हवेचं. मलेशियाने १९६० साली ते राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं, यावरून त्याला कोणती हवा मानवते याचा अंदाज येईल. तिथे थंडी नाही आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वाराही नाही. रत्नागिरीतही जानेवारीत पारा सहसा १५ अंशांखाली उतरत नाही. लखनौत मात्र पौष-माघात रात्रीचं तापमान ६-७ अंशांवर येतं, काही रात्री त्याहूनही खाली जातं. धुक्यामुळे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पुढे मे-जूनमध्ये तोच पारा ४२ ते ४५. साधारण १० अंशांखाली जास्वंदीची वाढ थांबते, तर लूमध्ये मुळं पाणी पुरवू शकत नाहीत म्हणून ती थांबते. वर्षातून दोनदा ती अशी स्वस्थ बसणार हे मनाशी धरूनच पुढचं सगळं करायचं.

आधी रोप निवडू. रोपवाटिकेत गेलात की माळी तुम्हाला ताटाएवढ्या फुलांची, पिवळी-केशरी-जांभळी, बुटकी रोपं दाखवेल. यातल्या काहींना इथे ‘पूना व्हरायटी’ म्हणतात. आपल्या गावाचं नाव ऐकून मन हरखतं, तरी पहिलं रोप हे घेऊ नका. ही संकरित रोपं नाजूक असतात आणि थंडीत सर्वांत आधी माना टाकतात. काही ठिकाणी वाढ रोखणारी औषधं देऊन त्यांना बुटकं ठेवलेलं असतं. वर्षभरात तो परिणाम ओसरतो, झाड लांबट होतं आणि फुलं कमी येतात. पहिली जास्वंद देशी घ्या, पाच पाकळ्यांची, लाल, एकेरी. गणपतीला तीच हवी आणि लखनौचे दोन्ही टोकाचे ऋतू सोसणारीही तीच. दुहेरी लाल आणि पांढरी दुसऱ्या वर्षी आणा, संकरित जाती तिसऱ्या वर्षी, हात बसल्यावर. मिरचीसारखी लोंबणारी, कधीच पूर्ण न उमलणारी फुलं येतात ते झाड वेगळं. ते जास्वंदीच्याच कुळातलं आहे, पण तुम्हाला हवी आहे ती जास्वंद नव्हे.

खरेदी फेब्रुवारीअखेर ते मार्च किंवा जुलै ते सप्टेंबर या दिवसांत करा. डिसेंबरात स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं रोप महाग पडतं. पानं उलटी करून पाहा, फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप खाली ठेवा. बाहेरगावाहून आलेल्या रोपांचा गोळा बऱ्याचदा लाल चिकट मातीचा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर भोवतालची माती भिजते आणि आतला गोळा कोरडाच राहतो, नाहीतर उलट, आत पाणी साचून मुळं कुजतात. पाण्याच्या बादलीत गोळा थोडा भिजवून कडेची माती हलकेच सुटी करा. सगळी धुवून काढू नका, पांढरी मुळं तुटतील.

कुंडी १४ इंचांची, शक्यतो मातीची. मिश्रणाचं माझं प्रमाण असं: चार भाग साधी पोयट्याची माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग मौरंग आणि एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. मौरंग म्हणजे इकडे बांधकामाला वापरतात ती जाडी, तांबूस वाळू. कोणत्याही बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळते. धुवून घ्या. नदीची बारीक बालू चालत नाही, ती मातीच्या कणांत बसून माती आणखी घट्ट करते.

आता उन्हाचं. निशातगंजमध्ये घरं एकमेकांना खेटून, तीन-तीन मजली. खालच्या बाल्कन्यांना दिवसभरात तासभरही ऊन मिळत नाही, आणि जास्वंदीला पाच-सहा तास हवं. म्हणून गच्ची. पण ज्यांना दक्षिणेची बाल्कनी आहे ते भाग्यवान. लखनौ जवळपास २७ अक्षांशावर आहे. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन भिंतीपर्यंत आत शिरतं आणि तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८६ अंशांवर. तेव्हा त्याच बाल्कनीवर वरच्या मजल्याची सावली पडते. थंडीत ऊन आणि लूमध्ये सावली, दोन्ही न मागता मिळतात. गच्चीवरच्या झाडांसाठी ही सोय आपल्याला हाताने करावी लागते.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने सांगते, कारण इथली निम्मी दुखणी पाण्यातून येतात. झाडाची नवी, कोवळी पानं पिवळी पडली आहेत पण शिरा मात्र हिरव्या आहेत, असं तुम्ही पाहिलं असेल. माळी म्हणतो, खत कमी पडलं. आपण खत घालतो, आणि पिवळेपणा वाढतो. हा बहुधा लोहाचा अभाव असतो, आणि मातीत लोह असूनही तो होतो. गंगेच्या मैदानातली माती विम्लतेकडे झुकणारी, बोअरवेलचं पाणी जड. बादलीच्या कडेला आणि मातीच्या कुंडीच्या अंगावर जो पांढरा थर जमतो तो याच क्षारांचा. अशा मातीत लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. जास्वंदीला किंचित आम्ल माती आवडते. कोकणातल्या जांभ्या मातीत ती इतकी सुखात असते, त्याचं एक कारण हेच.

म्हणून माहेरची एक सवय इथे सोडावी लागते. आपल्याकडे चुलीतली राख झाडांना घालतात. जांभ्या मातीत ती चालते, कारण राखेमुळे आम्लता थोडी उतरते. इथे राख म्हणजे आगीत तेल. चुना आणि अंड्याची टरफलंही तशीच. आणखी एक, घरोघरी पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी लोक प्रामाणिकपणे काटकसर म्हणून झाडांना घालतात. त्या पाण्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी धुवायला वापरा, जास्वंदीला नको. याउलट उन्हाळ्यात एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. त्याखाली बादली ठेवा, थंडगार असेल तर तासभर तसंच राहू द्या आणि मग जास्वंदीला घाला. पावसाळ्यात गच्चीवर दोन बादल्या उघड्या ठेवून ते पाणी वापरा. पण साठवताना झाका, डासांचं लखनौ काही कमी नाही.

पानं पिवळी पडलीच तर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणा. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एक-दोन पानांवर करून दोन दिवस वाट पाहा, पानं करपली नाहीत तर सगळ्या झाडावर. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकसाचे डाग फरशीवर आणि कपड्यांवर गंजासारखे पडतात आणि जात नाहीत. सुधारणा नव्या पानांवर दिसते, जुनी पानं तशीच राहतात, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत असतील तर ती गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, किंवा खरंच नत्र कमी असतं. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी थांबवा, कोरडं लागलं तर घाला. ठरावीक वार लावून पाणी घालण्यापेक्षा हे बोट जास्त भरवशाचं.

खताच्या बाबतीत एक गैरसमज फार रुजला आहे, तो म्हणजे फुलं हवीत तर हाडांचा चुरा आणि डीएपी घाला. दोन्हींत स्फुरद भरपूर. जास्वंदीला स्फुरद थोडाच लागतो, जास्त झाला तर तो लोहाची वाट आणखी अडवतो. तिला नत्र आणि पालाश हवं. मी महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत घालते. मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला पाव चमचा सल्फेट ऑफ पोटॅश पाण्यातून देते. मोहरीची पेंड इकडे सहज मिळते. चार दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी मिसळून द्या, पण फक्त फेब्रुवारीअखेर ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. मे-जूनच्या तापलेल्या कुंडीत ती पेंड मुळं जाळते. माझ्या स्वतःच्या हातून एका जूनमध्ये असं एक झाड गेलं. डिसेंबर-जानेवारीत झाड झोपलेलं असतं, तेव्हा तर कोणतंच खत नको.

आता पंचांगाकडे येते.

जास्वंदीची कळी नव्या फुटीवरच येते. त्यामुळे छाटणी म्हणजे फुलांची पेरणीच. पुण्यात लोक दिवाळीनंतर कात्री चालवतात. इथे ते केलंत तर कोवळे धुमारे नेमके डिसेंबरच्या थंडीत सापडतील आणि काळे पडतील. दसऱ्यानंतर कात्री धुवून, तेल लावून ठेवून द्या. वसंत पंचमीला मोहरीची शेतं पिवळी दिसू लागतात, ऊन कोवळं वाटतं, हात शिवशिवतात, तरी थांबा. तेव्हा रात्री अजून गार असतात. महाशिवरात्र उलटली की होळीच्या आत मोठी छाटणी करा. प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी करायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि खरवडल्यावर तपकिरी निघालेल्या फांद्या मुळापासून काढा. याच वेळी वरची दोन इंच माती बदला. दर दोन-तीन वर्षांनी झाड पूर्ण काढून कडेची मुळं थोडी छाटून नव्या मिश्रणात लावा.

एप्रिलमध्ये पहिला बहर येतो. मग ज्येष्ठ. इथला ज्येष्ठ वैशाखी पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी. त्यातल्या मंगळवारी, बड्या मंगलला, लखनौच्या रस्त्यारस्त्यावर मांडव घालून सरबत आणि पुरी-भाजी वाटतात. पहिला मांडव दिसला की मी हिरवी जाळी बांधायला काढते. ५० टक्के सावलीची जाळी पुरे. कुंड्या गच्चीच्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा, नाहीतर तापलेली गच्ची खालून मुळं भाजते. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे कुंडीत कुंडी: झाडाची कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरायची. मातीवर गव्हाच्या भुशाचं दोन इंच आच्छादन. पाणी सकाळी सहाच्या आत आणि गरज वाटली तर सूर्यास्तानंतर. दुपारी पानं लोंबलेली दिसतात तेव्हा जीव कळवळतो, पण भर उन्हात पाणी ओतू नका. संध्याकाळी ती बहुतेक सावरतात. या दिवसांत फुलं लहान येतील, कळ्या पिवळ्या पडून गळतील. त्या गळू द्या, झाड स्वतःला वाचवत असतं.

गणपतीची तयारी वटपौर्णिमेला करायची. उत्तरेत वटसावित्री अमावास्येला होते, आपली पौर्णिमेला. ज्येष्ठ पौर्णिमा ते गणेश चतुर्थी हे अंतर साधारण ७८ दिवसांचं, म्हणजे अकरा आठवड्यांचं. शेंडा खुडल्यापासून नवी फूट येऊन तिच्यावर फूल उमलायला दोन ते अडीच महिने लागतात. हिशोब बरोबर जुळतो. वटपौर्णिमेच्या आसपास, पाऊस दारात असताना, प्रत्येक फांदीचा फक्त शेंडा, दोन-तीन बोटं, खुडा. मोठी छाटणी नाही. त्या वर्षी आषाढ, श्रावण किंवा भाद्रपद अधिक असेल तर महिनाभर थांबून खुडा. सगळ्या कुंड्या एकाच दिवशी खुडू नका, आठवड्याच्या अंतराने खुडल्या तर दहाही दिवस फुलं मिळतात.

पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका आणि भोकं मोकळी आहेत ना ते काडीने पाहा. बाकी काही करायला लागत नाही, आषाढ-श्रावणातली लखनौची हवा जास्वंदीला माहेरची वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा इथला दुसरा बहर. गार हवेतलं फूल मोठं असतं आणि जास्त वेळ टिकतं.

डिसेंबरात कुंड्या दक्षिणेच्या भिंतीलगत एकत्र आणा. पाणी आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी, तेही सकाळी ऊन आल्यावर. धुक्याच्या आणि दंव गोठायच्या रात्री जुनं धोतर किंवा गोणपाट चार काठ्यांवर टाकून झाका. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर टेकलेली पानं करपतात. पानं गळतील. काटक्या उरतील. अशा वेळी साल खरवडून पाहायची आणि थांबायचं. निशातगंजच्या पुलापलीकडे सिकंदरबागेत राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची मोठी बाग आहे. १९५३ पासून ती केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे आहे, आणि सध्याचं नाव तिला १९७८ मध्ये मिळालं. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी तिथे फिरून या. उष्ण प्रदेशातली झाडं थंडीत कशी दिसतात ते पाहिलं की आपल्या कुंडीतल्या काटक्यांची धास्ती कमी होते.

किडीबद्दल. जास्वंदीचा इथला खरा शत्रू पिठ्या ढेकूण. फेब्रुवारीच्या कोवळ्या फुटीवर आणि पुन्हा पावसानंतर तो येतो. शेंडे आकसतात, पानं वेडीवाकडी होतात, बेचक्यांत पांढरा कापूस दिसतो. त्याच्या आधी दिसतात त्या मुंग्या. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की त्याच दिवशी झाड तपासा. ढेकणांतून झरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्यांची राखण करतात. कुंडीतच वारूळ असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, मुंग्या बाहेर पडतात. थोडे ढेकूण असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. जास्त असतील तर आकसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, राहिलेल्या झाडावर जोराची पाण्याची धार मारा आणि मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा, आणि आणखी आठ दिवसांनी पुन्हा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, त्यामुळे एका फवारणीने काम होत नाही. कपडे धुण्याची पावडर वापरू नका.

भेंडी, अंबाडी आणि कापूस ही जास्वंदीची भावंडं, एकाच कुळातली. पिठ्या ढेकूण चौघांवर सारख्याच प्रेमाने राहतो. म्हणून गच्चीवर भेंडी लावायची असेल तर ती दुसऱ्या टोकाला. आणि लेडीबर्ड भुंगेरे दिसले तर फवारणी थांबवा, ते ढेकूण आणि मावा दोन्ही खातात. त्यांच्यातल्या काही जातींची पिल्लं स्वतःच पांढऱ्या पिठात लोळल्यासारखी दिसतात. ती चपळ चालतात, एवढ्यावरून ओळखा आणि मारू नका. मावा पाण्याच्या धारेनेही जातो. हवा बरी असतानाही, ऐन बहरात कळ्या न उमलता गळत असतील तर एक कळी फोडून आत पाहा. बारीक लांबुडके फुलकिडे किंवा पांढऱ्या अळ्या असतील तर गळलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून घरातून बाहेर टाका, कारण अळ्या पुढे मातीत उतरून वाढतात. कळीत काही नसेल तर पाणी अनियमित झालं आहे.

नवी रोपं करायला श्रावण उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, सहा ते आठ इंचांची फांदी डोळ्याच्या अगदी खाली कापा. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. धुतलेली मौरंग आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन दोन डोळे आत जातील अशी खोचा, वरून पारदर्शक पिशवी, सावलीत. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. ओढून पाहण्याचा मोह आवरा. ही रोपं पहिल्या थंडीत घरात, खिडकीशी ठेवा.

गणपतीच्या दिवसांत फुलांची वेळ सांभाळावी लागते. सकाळी गच्चीवर माकडं आली तर ती कळ्या-फुलं सगळं खाऊन जातात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पूर्ण रंग धरलेल्या, लांबट झालेल्या, दुसऱ्या दिवशी उमलणार अशा कळ्या खुडून ताटात ठेवा. पाण्यात नाही ठेवल्या तरी सकाळी उमलतात. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पाण्यात ठेवल्याने त्याचं आयुष्य वाढत नाही. संध्याकाळच्या आरतीला टवटवीत फूल हवं असेल तर सकाळी उमललेलं फूल ओल्या पातळ फडक्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि आरतीच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा.